शिपाईमामांच्या मुलाची जागा

स्मरणिकेसाठी लेख दे असा निरोप आला तेव्हा मी गॅदरिंगच्या आठवणी लिहायला घेतल्या होत्या. नाटकात पडदा पडला नाही ती गोष्ट, बाईंनी विंगेतून ओरडून सांगितलेले संवाद, वगैरे. ते सगळे बाजूला ठेवून हे लिहिते आहे. कारण हे काम आपल्या बॅचच्या निमित्ताने सुरू झाले, त्यासाठी तुमच्यापैकी काही जणांनी पेट्रोलही जाळले आहे, तेव्हा त्याचा हिशेब तुम्हाला द्यायला हवा.

१९८७ साली आपण दुसरीत होतो. मुलुंडला तेव्हा शाळेच्या मागे शिपाईमामांची खोली होती, तिच्या दारात तुळस आणि एक लाकडी बाक. मामा पितळी तास वाजवायचे. मधल्या सुट्टीचा टोला त्यांच्या हातून कधी एक मिनिट लवकर पडला नाही, उशिरा मात्र पडायचा. मैदानावर डाव रंगात आलेला असला की मामा हातोडी उचलून क्षणभर थांबायचे, हे आपल्याला सगळ्यांना माहीत होते. त्यांचा मोठा मुलगा पलटणीत होता. सुट्टीवर आला की तो बाकावर बसून बूट पॉलिश करायचा आणि आपण घोळका करून बघायचो. मला त्याचा चेहरा नीट आठवत नाही, बूट आठवतात.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा तास दुसऱ्याच कोणीतरी वाजवला. प्रार्थनेनंतर दोन मिनिटे उभे राहायला सांगितले. मामांचा मुलगा लंकेत गेला होता आणि तिथे मारला गेला, एवढे आम्हाला कळले. आता त्या वर्षी दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण चालू होते, हे लक्षात घ्या. आमच्या तुकडीतल्या एकाने वर्गात उभे राहून विचारले, “बाई, त्याला रावणाच्या सैन्याने मारलं का?” कोणी हसले नाही. बाईंनी त्याला जवळ बोलावले, डोक्यावर हात ठेवला आणि फळ्याकडे वळून बराच वेळ तारीखच लिहीत राहिल्या. ज्याने विचारले तो आज नाशिकला डॉक्टर आहे आणि हा प्रसंग त्याला अजून टोचतो. म्हणून नाव लिहीत नाही.

मामांच्या मुलाचेही नाव इथे लिहीत नाही, पलटणीचेही नाही. ती मामींची अट आहे.

मामा निवृत्त होऊन गावी गेले आणि नंतर वारले. मामी सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात धाकट्या मुलीकडे असतात. पुनर्भेटीला त्यांना मानाने आणावे असे ठरले आणि आम्ही चौघे आमंत्रण द्यायला गेलो. प्रवास त्यांना झेपणार नव्हता. चहा झाला, जुन्या गोष्टी झाल्या. कोण काय करतो ते त्यांनी एकेकाला विचारले. माझी पाळी आल्यावर मी सॉफ्टवेअर म्हणाले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हंजी कम्प्युटरवाली. मंग पोरी, येवढं शोधून दे. त्येला पेटवला कुठं? राख आली, जागा न्हाई आली.”

त्यांच्याकडे एक तार आली होती, मग काळी पत्र्याची पेटी आणि एक कलश. अस्थी मामांनी संगम माहुलीला कृष्णेत सोडल्या. पेटीत कपडे, दाढीचे सामान, दोन पत्रे आणि एक न पाठवलेला मनीऑर्डरचा फॉर्म. तारेत फक्त ‘श्रीलंका’ असे होते. एवढ्या मोठ्या मुलखात कुठे, हे त्या माउलीला ३७ वर्षे कोणी सांगितले नव्हते आणि तिने कोणाला विचारलेही नव्हते.

“शोधते,” असे मी म्हणून टाकले. गाडीत बसल्यावर लक्षात आले की या युद्धाबद्दल आपल्याला काडीचीही माहिती नाही. पानिपत पाठ आहे, कारगिल टीव्हीवर पाहिले, १९७१ आईबाबांकडून ऐकले. हे मधलेच कुठेतरी गळून पडले आहे. म्हणून आधी इतिहास.

श्रीलंकेतले यादवी युद्ध १९८३ साली पेटले आणि २००९ साली संपले. एका बाजूला सिंहली बहुसंख्याकांचे सरकार, दुसऱ्या बाजूला तमिळ बंडखोर, त्यांत सर्वांत बलाढ्य एलटीटीई. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि दुसऱ्या दिवसापासून भारतीय शांतिसेना बेटावर उतरू लागली. काम असे की बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवायची आणि आपण मध्ये उभे राहायचे. सुरुवातीला जाफन्यात जवानांचे हारतुऱ्यांनी स्वागत झाले. दोन-अडीच महिन्यांत सगळे फिरले. ५ ऑक्टोबरला श्रीलंकेच्या ताब्यातल्या एलटीटीईच्या काही जणांनी सायनाइड खाल्ले, शस्त्रसंधी मोडली आणि ज्यांच्या रक्षणासाठी आपली फौज गेली होती त्यांच्याशीच तिची लढाई जुंपली. या मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पवन’. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या १३ शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जवानांपैकी २९ मारले गेले; एकटा कैदी म्हणून वाचला. त्यानंतर दोन आठवडे गल्लीबोळांतून, सुरुंग चुकवत, जाफना शहर घेतले गेले. मामांचा मुलगा याच दोन आठवड्यांत गेला. वय २२.

आपल्या राज्यातली बरीच मुले तिथे होती. पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री आणि आठवी महार या पलटणी एकाच ब्रिगेडमध्ये होत्या. आठव्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी जाफन्याजवळ कंथारोडाई इथे पडले. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी शत्रूची रायफल हिसकावून त्याला मारले आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. त्यांना परमवीर चक्र मिळाले, श्रीलंकेच्या मोहिमेतले एकमेव. हे परमेश्वरन मुंबईत जन्मलेले आणि सायनच्या एसआयईएसमध्ये शिकलेले. मुलुंडहून लोकल पकडली तर सायन अर्ध्या तासावर, आणि मी हे वाचले चाळिशी ओलांडल्यावर. सामान्यज्ञान स्पर्धेत मला दोनदा बक्षीस मिळाले होते, हेही नमूद करते.

मार्च १९९० मध्ये शेवटचे जवान परतले. मद्रास बंदरावर त्यांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. सुमारे बाराशे जवान परत आलेच नाहीत. लढाईत पडलेल्यांचे पार्थिव घरोघरी पोचवायचा रिवाज मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो कारगिलच्या वेळी, १९९९ साली. त्याआधी रीत साधी होती: जिथे पडला त्याच्या आसपास अंत्यसंस्कार आणि घरी तार.

आता शोध. मी पहिल्यांदा केले ते कोणीही करेल तेच. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या संकेतस्थळावर नाव घातले. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत. मला एकही सापडले नाही. झाले असे की मुलाचे नाव ‘ज्ञ’ने सुरू होते. आता हा ‘ज्ञ’ इंग्रजीत कसा लिहायचा? आपण ‘डी-एन’ लावतो, हिंदीवाले ‘जी’ लावतात, एखादा कारकून ‘जे’ही लावू शकतो. आडनावाच्या स्पेलिंगचे आणखी तीन प्रकार. आमच्या धंद्यात याला अगदी रोजचा प्रश्न म्हणतात, बँकांच्या यादीत एकच माणूस पाच वेगवेगळ्या रूपांत भेटतो. मी एका रविवारी बसून सगळी रूपे काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला, ४० निघाली, आणि दुपारभर ती एकेक करून तपासली. दोन माणसे मिळतीजुळती निघाली, दोन्ही वेगळ्या युद्धांतली.

उत्तर मामींच्या गादीखाली होते. पेन्शनच्या कागदावर मुलाचा सैनिक क्रमांक होता. क्रमांकाला स्पेलिंग नसते. त्याचे पहिले आकडे रेजिमेंटही सांगतात. मामींच्या मुलीने कागदाचा फोटो पाठवला आणि दोन मिनिटांत नोंद सापडली. नाव ‘जी’ने, आडनावात एक अक्षर कमी. पण दिल्लीची भिंत म्हणजे दिल्लीची भिंत. मामींचा प्रश्न वेगळा होता.

जाफना द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावर पलाली नावाचा हवाई तळ आहे. शांतिसेनेचे बरेचसे येणेजाणे इथून व्हायचे, जखमीही इथून हलवले जात. तिथे शांतिसेनेचे एक स्मारक आहे, श्रीलंकेच्या सैन्याने डागडुजी करून ते जून २०१४ मध्ये पुन्हा खुले केले. त्यावर ३३ नावे आहेत. बाराशेपैकी ३३. त्यांत हे नाव नव्हते. त्या दिवशी मी लॅपटॉप बंद करून भांडी घासायला घेतली.

एका कार्यालयालाही पत्र लिहिले. पाच महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले की पत्र योग्य कार्यालयाकडे पाठवले आहे. ते योग्य कार्यालय कोणते, हे त्यात नव्हते.

मोठे स्मारक कोलंबोजवळ आहे. श्री जयवर्धनेपुरा कोट्टे इथे, २००८ साली बांधलेले, काळ्या दगडावर सुमारे बाराशे नावे. आमच्या कंपनीची एक टीम कोलंबोत आहे. तिथल्या एका सहकाऱ्याशी माझे चार वर्षे रोज बोलणे होते, पण ते सगळे सर्व्हरबद्दल. तो जाफन्याचा तमिळ आहे. मी त्याला विचारले, एखाद्या रविवारी जाऊन भिंतीचा फोटो काढशील का? तो “बघतो” म्हणाला आणि विषय बदलला. तीन आठवडे काही नाही. मग एका रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, माझ्या आत्याला विचारावे लागले. १९८७ साली ती जाफन्यात होती आणि आमच्या घरात भारतीय सैनिक हा शब्द चांगल्या अर्थाने घेतला जात नाही.

मग मी ते वाचले जे आधी टाळले होते. २१ ऑक्टोबर १९८७, दिवाळीचा दिवस. जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात भारतीय सैन्य शिरले आणि गोळीबारात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मिळून साठहून अधिक माणसे मेली. आतून एलटीटीईने गोळ्या झाडल्या असे सैन्याचे म्हणणे. वाचलेले लोक सांगतात की आत फक्त आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे होते. मामींचा मुलगा तिथे होता असे मानायला मला कोणताही आधार सापडला नाही. तरी तारखा जुळवून पाहिल्या, हे कबूल करते. मामींना हे सांगितले नाही. तुम्हाला सांगते आहे कारण आपल्याच माणसाची जागा शोधताना समोरच्या माणसाची जागा लपवून लिहिणे मला जमेना.

त्या सहकाऱ्याने आणखी एक सांगितले. त्याचे आजोळ पलालीजवळ. १९९० साली सैन्याने तळाभोवतीचा मुलूख अतिसुरक्षित क्षेत्र म्हणून रिकामा करून घेतला आणि हजारो कुटुंबे तिथून उठली. अलीकडे जमिनी टप्प्याटप्प्याने परत मिळताहेत, त्याच्या आजोबांची अजून नाही. आणि बंडखोरांचे म्हणाल तर तेही बहुतेक हिंदूच, पण एलटीटीईने आपली मुले जाळायच्या ऐवजी पुरायला सुरुवात केली आणि ओळीने थडगी असलेली ‘निद्रागृहे’ उभारली. जाफन्याजवळच्या कोपाय इथले असे एक आवार सैन्याने शहर घेतल्यावर जमीनदोस्त केले, २००२च्या शस्त्रसंधीत ते पुन्हा बांधले गेले, युद्धानंतर पुन्हा बुलडोझर फिरला आणि २०११ साली तिथे लष्करी मुख्यालय उभे राहिले. २७ नोव्हेंबरला तिथल्या आया दिवे घेऊन निघतात, काही वर्षी त्यांना अडवतातही. “आमच्याकडे जागा माहीत असते,” तो म्हणाला, “तिथे जाऊ देत नाहीत.”

पुढच्या रविवारी तो कोट्ट्याला गेला. भर उन्हात काळ्या दगडाचे फोटो काढले. निम्म्या फोटोंत त्याचेच प्रतिबिंब आले म्हणून संध्याकाळी परत जाऊन पुन्हा काढले. रात्री मला ६४ फोटो आले. एकविसाव्यात नाव होते. ‘जे’ने.

एक गोष्ट मला या सगळ्या काळात खटकत होती. जगभर युद्धात मेलेल्यांची नोंद इतकी नेटकी ठेवतात की हेवा वाटावा. पुण्याला खडकीच्या युद्ध कब्रस्तानात दुसऱ्या महायुद्धातले दीड हजारांहून अधिक सैनिक आहेत, प्रत्येकाचा दगड वेगळा, गवत कापलेले. मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे आहेत. ज्यांना पाण्याखेरीज जागाच नाही त्यांनासुद्धा एक भिंत आहे. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ टेकडीवर एक पांढरी छत्री आहे, पहिल्या महायुद्धात तिथल्या रुग्णालयात वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना जिथे अग्नी दिला नेमकी त्याच जागी बांधलेली. आणि सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावात ४६ जण त्या महायुद्धात गेले असे सांगणारा इंग्रजांनी लावलेला दगड आहे. साहेबाला हे सुचले. आपल्याला का नाही, यावर आपल्या ग्रुपवर वाद घालायला माझी तयारी आहे, फक्त रात्री अकरानंतर नको.

उरला मूळ प्रश्न. तो शेवटी माणसानेच सोडवला. गावच्या पतसंस्थेत मामींच्या जावयाला एक निवृत्त सुभेदार भेटले, त्याच ब्रिगेडमध्ये असलेले. मी फोन केला. त्यांनी आधी माझी उलटतपासणी घेतली, मी पत्रकार नाही याची खात्री करून घेतली. मग म्हणाले, “आमच्यातले जे त्या आठवड्यात पडले त्यांना मागे पलालीला आणलं. तळावरच, धावपट्टीपासून थोडं लांब. मी स्वतः दोन वेळा लाकडं उतरवली. कोणाकोणाला ते आता सांगता येणार नाही, पण त्या तारखेचे सगळे तिथेच. सलामी दिली होती, ताईंना सांगा. घाईत असलो तरी सलामी दिली.” जागा कशी होती असे विचारले तर म्हणाले, “तांबडी माती. कोकणात असते तशी. आणि ताडाची झाडं.”

त्या रात्री मी उपग्रहाच्या नकाशावर पलाली काढली. धावपट्टी, वर हाताच्या अंतरावर समुद्र, खाली शेतांचे चौकोन, आणि माती खरोखरच तांबडी. २०१९च्या ऑक्टोबरपासून तिथे नागरी विमानतळही आहे, चेन्नईहून विमान जाते. मी दोन मोठ्या कागदांवर छापून घेतले: एकावर हा नकाशा, दुसऱ्यावर कोट्ट्याच्या भिंतीचा तो तुकडा.

आम्ही परत गेलो तेव्हा मामींनी चष्मा पुसून घेतला आणि आधी नकाशा मांडीवर घेतला. धावपट्टीवरून बोट फिरवले. “ह्ये पाणी?” मी म्हटले, समुद्र. “आन् ही माती तांबडी हाय व्हय?” मी हो म्हटले, सुभेदार जे बोलले ते सगळे सांगितले. सलामीचे दोनदा सांगायला लावले. जावई म्हणाले, आता विमानाने जाता येते, तुम्हाला नेऊ का. त्या म्हणाल्या, “आता कशाला. कळलं न्हवं.”

मग भिंतीचा फोटो. मी नावावर बोट ठेवले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण बराच वेळ त्या त्याच ओळीकडे बघत होत्या. स्पेलिंग चुकले आहे हे मी सांगितले नाही.

“ह्येच्या वरचा कोन?” त्यांनी विचारले. मी वाचून दाखवले. “आन् खालचा?” तेही वाचले. “त्येंच्या आयांना म्हाईत हाय का?”

वरचे नाव पंजाबकडचे असावे. खालचे आडनाव कोल्हापूर-बेळगाव भागातले वाटते. दोघांचेही सैनिक क्रमांक दिल्लीच्या नोंदीत सापडले आहेत, घरचे पत्ते नाहीत. आपल्यापैकी जे बेळगावला आहेत, किंवा ज्यांचे कोणी रेजिमेंटल सेंटरला ओळखीचे आहे, त्यांनी मला फोन करावा. नंबर ग्रुपवर आहेच.